कोमेनियसची शाळा : एका ख्रिस्ती शिक्षकाचे शिक्षणशास्त्र

'शिक्षणाचे तत्त्वज्ञान' हे शब्द कानी पडले की पुष्कळांस अध्यापक विद्यालयातील परीक्षेची आठवण होते. उत्तरपत्रिकेत ते लिहावयाचे, गुण मिळवावयाचे, आणि पुढे वर्गात पाऊल टाकताना वहाणांबरोबर तेही उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, असाच बहुधा परिपाठ असतो. वस्तुतः ज्याला तत्त्वज्ञान नाही असा शिक्षक शोधूनही सापडणार नाही. मुलाचे गणित चुकताच जो त्याच्या पाठीत धपाटा घालतो, त्याचेही एक तत्त्वज्ञान असते. भीतीवाचून बुद्धी जागी होत नाही, असे तो मानतो. मागल्या बाकावरील मुलाकडे जो वर्षभर वळूनही पाहत नाही, त्याचाही एक सिद्धांत असतो. काही मुले शिकण्यासाठी जन्मलेलीच नसतात, असे त्याने मनाशी ठरविलेले असते. हे सिद्धांत त्याने कधी उच्चारलेले नसतात आणि तपासलेलेही नसतात, इतकेच. आपल्या वागण्यामागे दडून बसलेली ही अबोल मते उजेडात आणणे, ती आपल्या श्रद्धेशी जुळतात की नाही हे पाहणे, आणि जुळत नसतील तर मत किंवा वागणूक बदलणे, यालाच शिक्षकाने आपले तत्त्वज्ञान घडविणे असे म्हणतात.

आता हा शिक्षक श्रद्धावान ख्रिस्ती आहे असे समजू. रविवारी उपासनेच्या वेळी जे त्याने मान्य केले, ते सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभे राहिल्यावर कसे उतरावयाचे? याचे एक सोपे उत्तर पुष्कळदा देण्यात येते, ते म्हणजे वेळापत्रकात शास्त्रवाचनाचा एक तास घालावा. परंतु हे उत्तर आपल्या देशात फार दूरवर पोहोचत नाही. 1950 साली अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमान्वये, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या इतर शाळांत, अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीवाचून, कोणावर त्याची सक्ती करता येत नाही. मग अशा शाळेतील ख्रिस्ती शिक्षकाने आपली श्रद्धा खुंटीला टांगून वर्गात शिरावे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आपणांस सतराव्या शतकातील मध्य युरोपात नेणार आहे. तेथे असा एक शिक्षक होऊन गेला की ज्याला धर्मशिक्षणाचा तास मोकळेपणे घेता येत होता, तो स्वतः पाळक होता, पुढे धर्माध्यक्षही झाला. आणि तरीही तेवढ्या तासाने शाळा ख्रिस्ती होते असे ज्याला कधीच वाटले नाही. त्याचे नाव यान आमोस कोमेनियस, मायबोलीत कोमेन्स्की.

कोमेनियसचा जन्म 28 मार्च 1592 रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात मोडतो, आणि तेथे 28 मार्च हा शिक्षकदिन म्हणून पाळण्यात येतो. त्याचे घराणे 'बंधुसंघ' नावाच्या एका लहान पंथाचे होते. यान हुस या धर्मसुधारकास 1415 साली जिवंत जाळण्यात आले. त्याच्या विचारांचा वारसा सांगणाऱ्या काही लोकांनी 1457 साली हा संघ स्थापिला होता. कोमेनियसचे आईबाप तो बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास निवर्तले. नातलगांनी शिक्षणाची हेळसांड केली, आणि लॅटिन शाळेचा उंबरा ओलांडावयास त्याला सोळावे वर्ष उजाडले. या विलंबाने त्याचे एक प्रकारे हितच झाले. लहान मुले जे मुकाट्याने सोसतात, ते या समजत्या मुलाने डोळे उघडे ठेवून पाहिले. जी भाषा अजून येत नाही, त्याच भाषेत लिहिलेले व्याकरणाचे नियम घोकावयाचे. शब्द तोंडपाठ, पण वस्तू कधी दृष्टीस पडलेली नाही. आणि चुकले की छडी. पुढे आपल्या ग्रंथात त्याने अशा शाळांना मुलांच्या बुद्धीचे कत्तलखाने म्हटले. आपले पंतोजी आणि त्यांची शाळा ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांस हे चित्र परके वाटणार नाही.

हर्बोर्न आणि हायडेलबर्ग येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून तो 1614 साली स्वदेशी परतला व शिक्षक झाला. 1616 साली त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 1618 साली फुल्नेक या गावी मंडळी व शाळा या दोहोंची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच वर्षी युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले. 1620 साली प्रागजवळच्या लढाईत बोहेमियाच्या प्रोटेस्टंटांचा पराभव झाला. 1621 साली फुल्नेक लुटले गेले व कोमेनियसला लपूनछपून दिवस काढावे लागले. 1622 साली त्याची तरुण पत्नी व दोन्ही लहान मुले साथीच्या रोगाला बळी पडली. पुढे 1627 साली नवे राजशासन निघाले. राजाचा पंथ स्वीकारा, नाही तर देश सोडा, असा त्याचा आशय होता. 1628 साली कोमेनियसने सरहद्द ओलांडली आणि पोलंडातील लेश्नो या गावी आश्रय घेतला. त्याला पुन्हा मायभूमीत राहणे लाभले नाही.

श्रोतेहो, ही हकीकत मी केवळ अनुकंपेसाठी सांगितली नाही. ज्या ग्रंथामुळे कोमेनियसचे नाव शिक्षणाच्या इतिहासात अजरामर झाले, तो 'महान अध्यापनशास्त्र' हा ग्रंथ त्याने याच निर्वासित अवस्थेत, प्रथम आपल्या चेक भाषेत लिहिला. युद्ध संपेल, आपण परत जाऊ, आणि उद्ध्वस्त झालेल्या देशात प्रथम शाळा उभारू, या आशेने तो लिहीत होता. ती आशा सफळ झाली नाही. ग्रंथाची लॅटिन आवृत्ती 1657 साली ॲम्स्टरडॅम येथे निघाली. मूळ चेक ग्रंथ छापला जावयास 1849 साल उजाडावे लागले. ज्या देशातील मुलांसाठी शाळा आखावयाची, त्या देशात पाऊल टाकण्याची बंदी असता जो मनुष्य वर्गाच्या वेळापत्रकापर्यंत बारीक विचार करतो, त्याची श्रद्धा केवळ शब्दांची नव्हती, हे उघड आहे.

आता त्याच्या विचाराची मांडणी पाहू. ती चार प्रश्नांत मावते, आणि हे प्रश्न कोणत्याही शिक्षकाने स्वतःस विचारण्याजोगे आहेत.

पहिला प्रश्न, माझ्यासमोर बसलेले हे मूल कोण आहे? कोमेनियसचे उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकातून येते : मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. हे वाक्य ख्रिस्ती मनुष्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की त्यातील धार त्याला जाणवत नाही. कोमेनियसने तीच धार शाळेला लावली. प्रत्येक मूल जर देवाचे प्रतिरूप आहे, तर कोणत्या मुलास शाळेबाहेर ठेवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मनुष्याकडे उरत नाही. म्हणून श्रीमंतांची व गरिबांची, कुलीनांची व सामान्यांची, शहरांतील व खेड्यांतील, मुलगे आणि मुली अशा सर्वांना शाळेत धाडले पाहिजे, असे त्याने लिहिले. आणि हे अशा काळी की जेव्हा शिक्षण ही मोजक्यांची मिरास होती. मुलींच्या ठिकाणी तल्लख बुद्धी असते, पुष्कळदा ती मुलांहून सरस असते, असेही त्याने बजावले. मंदबुद्धी मुलांचे काय, हा आक्षेप त्याला ठाऊक होता. त्याचे उत्तर असे की ज्याची प्रकृती अधिक दुर्बल, त्याला साहाय्य अधिक हवे. आपल्या पहिल्या विधानापासून तो येथे तसूभरही ढळत नाही.

दुसरा प्रश्न, या मुलाला शिकवावयाचे काय? मनुष्य ही विचार करणारी, सृष्टीचा व स्वतःचा कारभार पाहणारी, आणि आपल्या निर्मात्याकडे परतणारी व्यक्ती आहे, असे कोमेनियस मानी. त्यावरून त्याने शिक्षणाची तीन अंगे काढली : ज्ञान, शील आणि भक्ती. या तिहींची बीजे मुलामध्ये निसर्गतःच असतात. शिक्षकाने ती बाहेरून आणून घालावयाची नसतात, रुजवावयाची व वाढवावयाची असतात. महत्त्वाची गोष्ट ही की ही तीन अंगे म्हणजे वेळापत्रकातील तीन तास नव्हेत. ज्ञानाच्या तासाला शील बाजूला ठेवावयाचे आणि भक्तीच्या तासाला बुद्धी मिटून घ्यावयाची, अशी वाटणी त्याला मुळीच मान्य नव्हती.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 1658 साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेले त्याचे 'दृश्य जगाचे चित्रमय पुस्तक'. मुलांसाठी काढलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकांत याचे स्थान अग्रगण्य आहे. यात दीडशे धडे आहेत. प्रत्येक धड्यास एक चित्र. चित्रातील वस्तूंना आकडे. आणि त्याच आकड्यांनिशी लॅटिन व जर्मन भाषांत वाक्ये. मुलाने चित्रावर बोट ठेवावे, वस्तू ओळखावी आणि मग तिचे नाव शिकावे. वर्णमालेसाठी कावळा, कोकरू इत्यादी प्राण्यांचे आवाज योजिले आहेत. आता या पुस्तकाची अनुक्रमणिका पाहा. उपोद्घातानंतरचा आरंभीचा धडा देवाविषयी आहे आणि शेवटचा अंतिम न्यायाविषयी. या दोन टोकांच्या मध्ये आकाश, अग्नी, पाणी, झाडे, पाखरे, मनुष्याचे शरीर, शेतकरी, रोटीवाला, शिंपी, लोहार, छापखाना, नौका, नगर, न्यायसभा, असे सारे जग मांडलेले आहे. ज्यू व इस्लाम धर्मांनाही त्यात स्वतंत्र धडे आहेत. या अनुक्रमणिकेतच त्याचे तत्त्वज्ञान वाचता येते. सारे जग देवाच्या हातात आहे, म्हणून लोहाराचा ऐरण हाही अभ्यासाचा विषय आहे, आणि तो नीट पाहणे हेही एक प्रकारचे भक्तीचेच कार्य आहे. हे पुस्तक पुढील शंभर वर्षे युरोपातील मुलांच्या हाती राहिले. कवी गोएटे याने आपल्या बालपणीच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख केला आहे.

तिसरा प्रश्न, शिकवावयाचे कसे? येथे कोमेनियस निसर्गाकडे बोट दाखवितो. सृष्टी हाही देवाचाच ग्रंथ आहे. तेव्हा पक्षी पिलांना कसा वाढवितो, माळी रोप कोणत्या ऋतूत लावतो, सूर्य आपला प्रकाश कसा पसरतो, हे पाहून शिक्षकाने आपली रीत ठरवावी. या दृष्टांतांतील काही आज ओढूनताणून आणलेले वाटतात. परंतु त्यांतून निघालेले नियम पाहा : आधी वस्तू, मग शब्द; आधी मायबोली, मग परभाषा; आधी सोपे, मग अवघड; आणि मुलाला समजल्यावाचून काहीही पाठ करावयास लावू नये. सहा वर्षांपर्यंत आईच्या मांडीवरची शाळा, बारा वर्षांपर्यंत मायबोलीची शाळा, अठरा वर्षांपर्यंत लॅटिन शाळा, आणि त्यानंतर विद्यापीठ व प्रवास, असे त्याने चार टप्पे पाडले. पहिली शाळा प्रत्येक घरी, दुसरी प्रत्येक गावी, तिसरी प्रत्येक शहरी आणि चौथी प्रत्येक प्रांती असावी, अशी त्याची योजना होती. 1631 साली निघालेले त्याचे लॅटिनचे पाठ्यपुस्तक याच रीतीने रचलेले आहे. शंभर प्रकरणांतील एक हजार वाक्यांत सुमारे आठ हजार शब्द गुंफून त्याने भाषा व जग ही एकाच वेळी शिकविण्याचा प्रयत्न केला. या पुस्तकाने त्याची कीर्ती युरोपभर पसरली, आणि इंग्लंड व स्वीडन या देशांतून त्याला निमंत्रणे आली.

शिस्तीसंबंधी त्याचा दृष्टांत मला विशेष मार्मिक वाटतो. वीणेचे स्वर बिघडले म्हणून कोणी वादक तिच्यावर गुद्दे मारीत नाही किंवा तिला भिंतीवर आपटीत नाही. तो तारा जुळवीत बसतो. मुलाचे मन अभ्यासापासून दूर गेले असेल तर तेही असेच जुळविले पाहिजे. वर्तनातील उद्दामपणाबद्दल कठोर शासन त्याला मान्य होते, पण धडा येत नाही म्हणून मारणे त्याला मुळीच मान्य नव्हते. 1650 ते 1654 या काळात हंगेरीतील शारोशपटक येथे शिकवीत असता त्याने पाठ्यपुस्तकाची नाटके केली आणि मुलांकडून ती रंगभूमीवर करविली. लाजरीबुजरी मुले चारचौघांसमोर लॅटिन बोलू लागली.

चौथा प्रश्न, हे सारे कशासाठी? ख्रिस्ती पाळक या नात्याने कोमेनियसचे पहिले उत्तर स्वाभाविकच असे की हे जीवन म्हणजे चिरंतन जीवनाची तयारी आहे. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. 1648 साली वेस्टफेलियाचा तह होऊन तीस वर्षांचे युद्ध संपले, पण त्या तहात बंधुसंघाला मायदेशी थारा मिळाला नाही. 1656 साली लेश्नो गाव युद्धात भस्मसात झाले, आणि चाळीसहून अधिक वर्षे खपून तयार केलेला चेक भाषेचा शब्दकोश हस्तलिखितासह जळाला. चौसष्ट वर्षांचा हा म्हातारा ॲम्स्टरडॅमला गेला आणि पुन्हा लिहावयास बसला. मनुष्यजातीचा सारा व्यवहार कसा सुधारावा, राष्ट्रांनी व पंथांनी परस्परांचे गळे कापण्याचे कसे सोडावे, यावरील सात भागांचा ग्रंथ त्याने हाती घेतला होता. त्याचा मधला, म्हणजे चौथा भाग शिक्षणावर आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सर्वांना, सर्व विषय, सर्वांगांनी शिकविणे, ही त्याची त्यातील प्रतिज्ञा. आंधळे, बहिरे, मंदबुद्धी यांनाही त्याने तीतून वगळले नाही. शाळा जन्मापासून वार्धक्यापर्यंत चालते, असे त्याने मांडले. 15 नोव्हेंबर 1670 रोजी तो वारला व नार्डेन येथे त्यास पुरण्यात आले. ग्रंथ अपुराच राहिला. त्याचा मोठा भाग शतकानुशतके हरवल्यासारखाच होता. 1930 नंतरच्या दशकात जर्मनीतील हाले येथील अनाथाश्रमाच्या संग्रहात त्याची हस्तलिखिते सापडली, आणि 1966 साली प्रागमध्ये तो समग्र छापण्यात आला.

कोमेनियस निर्दोष होता, असे मात्र कोणी समजू नये. ग्रीक व रोमन लेखकांची पुस्तके ख्रिस्ती शाळांतून बहुतांशी दूर ठेवावी, असे त्याने म्हटले. येथे भीतीने त्याच्या विशाल बुद्धीवर मात केली. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करताना त्याची नजर बरीचशी घरसंसारावरच राहिली. समकालीन भविष्यवाद्यांच्या दृष्टांतांवर विश्वास ठेवून त्याने ते छापले, आणि त्यायोगे आपल्या कीर्तीस बाध आणला. म्हणून आजच्या शिक्षकाने त्याचे नियम जसेच्या तसे उतरून घेऊ नयेत. त्याच्याकडून शिकावयाची ती विचाराची चाल : श्रद्धेतील एक वाक्य घ्यावयाचे, आणि ते खरे असेल तर वर्गात काय काय बदलले पाहिजे, हे शेवटच्या बाकापर्यंत नेऊन पाहावयाचे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या वर्गात हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सर्व मुले शेजारीशेजारी बसतात, तेथे ख्रिस्ती शिक्षकाने श्रद्धेचे काय करावे? कोमेनियसच्या चालीने विचार केला तर उत्तर दुहेरी येते. एक असे की मुलाच्या असहायतेचा लाभ घेऊन त्याच्यावर आपला धर्म लादण्यास त्याला मुळीच जागा नाही. हे केवळ कायद्याचे बंधन नव्हे, हे त्याच्या श्रद्धेचेच मागणे आहे. मनुष्याची स्वतंत्र इच्छा हा देवाच्या प्रतिरूपाचाच अंश आहे, असे कोमेनियस मानी. आणि राजाज्ञेने लादलेल्या धर्मापायी देशास मुकलेल्या या मनुष्याने आपल्या मुद्रेवर बोधवचन घेतले ते अशा आशयाचे की सर्व काही आपल्या ओघाने वाहू द्यावे, कोठेही बळजबरी नसावी. ज्याला मुलात देवाचे प्रतिरूप दिसते, त्याने त्या प्रतिरूपावर जबरदस्ती करणे हा वदतोव्याघात होय.

उत्तराची दुसरी बाजू अशी की श्रद्धा खुंटीला टांगण्याचेही कारण नाही, कारण तिला काम करावयास धर्मशिक्षणाच्या तासाची गरजच नाही. हजेरी घेताना प्रत्येक नाव आदराने उच्चारले जाते की नाही. वह्या तपासताना हुशार मुलाच्या वहीइतकाच वेळ मंद मुलाच्या वहीला मिळतो की नाही. मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या मुलीला प्रश्न विचारून शिक्षक उत्तराची वाट पाहतो, की तिला बसवून पुढे जातो. मुलाला मायबोलीत शंका विचारण्याची मोकळीक आहे की तो परभाषेच्या धाकाने गप्प बसतो, या ठिकाणी त्या श्रद्धेची परीक्षा होत असते. शिक्षकाने वर्षाच्या आरंभी एका कागदावर मुलाविषयी आपण खरोखर काय मानतो ते चार वाक्यांत लिहावे, आणि प्रत्येक वाक्यासमोर उद्याच्या वर्गातील एक कृती लिहावी. ज्या वाक्यासमोर कृती लिहिता येणार नाही, ते वाक्य त्याने अद्याप पाठच केलेले आहे, मानलेले नाही, असे खुशाल समजावे.

हे ऐकणाऱ्या आईबापांसही एक विनंती आहे. कोमेनियसची पहिली शाळा घरातच भरते, आणि तिला सुट्टी नसते. मुलाने निकालपत्र हाती ठेवले म्हणजे आपण प्रथम त्याच्या मुखाकडे पाहतो की आकड्यांकडे, एवढे एकदा ध्यानात घ्यावे. आपला धर्म कोणताही असो, मुलाविषयी आपण मनोमन काय मानतो, हे त्या एका क्षणी त्याला कळून चुकते. मग तो धडा शाळेने पुसू म्हटले तरी सहसा पुसला जात नाही.